दस्त नोंदवला, पण मालकी मिळाली का?

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातलं दृश्य महाराष्ट्रात कुठेही गेलात तरी साधारण सारखंच असतं. बाकावर टोकन नंबरची वाट बघणारी माणसं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आधार-पॅनच्या झेरॉक्स, सोबत ओळख पटवायला आणलेले दोघे. नंबर पुकारला की कॅमेऱ्यासमोर फोटो निघतो, यंत्रावर अंगठा टेकवला जातो. "सही तुमचीच ना? मजकूर मान्य आहे ना?" एवढं विचारून पुढचा नंबर पुकारला जातो. थोड्या वेळाने शिक्के मारलेला दस्त हातात पडतो आणि घरी जाताना पेढे घेतले जातात.

या सगळ्यात एक प्रश्न कुणीही विचारलेला नसतो. विकणारा माणूस खरोखरच या घराचा मालक आहे का?

तो प्रश्न न विचारण्यात त्या अधिकाऱ्याची चूक नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याने ते काम त्याच्याकडे सोपवलेलंच नाही. सही करणारी माणसं तीच आहेत ना, मुद्रांक शुल्क पुरेसं भरलंय ना, मिळकत आपल्या हद्दीत येते ना, एवढं तो पाहतो. विकणाऱ्याची मालकी तपासण्याचा अधिकार या कायद्याने नोंदणी अधिकाऱ्याला दिलेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं. नोंदणी कार्यालय सांगतं ते इतकंच, की अमुक दिवशी अमुक माणसांनी असा व्यवहार केला. मालकीची हमी ते देत नाही.

मग मालकी तपासायची कुणी? घेणाऱ्याने. आणि जुने दस्त, फेरफार, वारसाहक्क हे सगळं वाचणं त्याला एकट्याने जमत नाही, म्हणून त्याच्या वकिलाने. हे प्रकरण त्या वकिलाच्या कामाबद्दल आहे.

हमी देणारी आणि न देणारी व्यवस्था

1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी एक वेगळी पद्धत कायद्यात आणली. सरकारच्या नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, आणि त्या नोंदीमागे सरकार उभं. इंग्लंडमध्ये 1862 साली लँड रजिस्ट्री स्थापन झाली. तिथेही आज नोंदलेल्या मालकीमागे सरकारी हमी असते आणि नोंदीत चूक होऊन नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. तरीही तिथे घर घेणारा आणि विकणारा दोघेही आपापला सॉलिसिटर किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सर नेमतात.

आपल्याकडे सरकारी हमी नाही, आणि तरीही अनेक कुटुंबं आयुष्यभराची बचत एजंटच्या शब्दावर आणि "सोसायटीत सगळे राहतायत, मग काय प्रॉब्लेम असणार" या विश्वासावर टाकतात. जिथे हमी आहे तिथले लोक वकील घेतात आणि जिथे नाही तिथले लोक वकिलाची फी वाचवतात, हे मला फार बोचतं.

शिवाय आपला कायदा घेणाऱ्याला जाणता समजतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम 3 सांगतं, की मिळकतीबद्दलचा दस्त रीतसर नोंदलेला असेल तर तो तुम्हाला माहीत होता असं धरलं जाईल, मग तुम्ही तो वाचला असो वा नसो. त्या घरात प्रत्यक्ष कुणी राहत असेल तर त्याच्या हक्काचीही तुम्हाला कल्पना होती असंच मानलं जाईल. म्हणून "मला कुणी सांगितलंच नाही" हे वाक्य कोर्टात टिकत नाही. नोंदणी कार्यालयातली सूची पाहण्याचा हक्क कायद्याने कुणालाही दिला आहे, आणि ज्याला पाहता येत होतं त्याने पाहायला हवं होतं, असा कायद्याचा सरळ हिशेब आहे.

तीस वर्षांची 'निरंक' यादी

वकिलाचं पहिलं काम म्हणजे सर्च, अर्थात शोध. नोंदणी कायद्याच्या कलम 55 मध्ये सूचींची तरतूद आहे. सूची क्रमांक एक माणसांच्या नावांची, सूची क्रमांक दोन मिळकतींची. आपण रोज ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतो तो हाच. एका मिळकतीवर वर्षानुवर्षं काय काय झालं, कुणी विकली, कुणी गहाण ठेवली, कुणी बक्षीस दिली, हे त्यातून दिसतं.

शोध साधारण 30 वर्षं मागे नेतात. त्याला कारण आहे. गहाण मिळकत सोडवून घेण्याचा दावा लावायला 1963 च्या मुदत कायद्याने 30 वर्षं दिली आहेत. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीचं गहाण आजही जिवंत असू शकतं.

चांगला सर्च रिपोर्ट हातात घेऊन बघा. डावीकडे सालं, उजवीकडे शेरे. निरंक, निरंक, निरंक. मध्येच एका सालासमोर दस्त क्रमांक आणि त्याचा तपशील, मग पुन्हा निरंक. काही सालांसमोर 'सूचीची पानं फाटलेली' असा शेरा असतो. वाचणाऱ्याची नजर तिथेच थांबली पाहिजे. निरंक म्हणजे पाहिलं आणि काही सापडलं नाही. फाटलेलं पान म्हणजे पाहताच आलं नाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अलीकडचे दस्त घरबसल्या ऑनलाइन शोधता येतात, पण जुन्या वह्यांसाठी कार्यालयात जाऊन पानं उलटावी लागतात, आणि ज्या वर्षांचं पान मिळत नाही तिथे वकील दुसऱ्या वाटेने खात्री करून घेतो. मूळ दस्त मागतो, सोसायटीचं दप्तर पाहतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो.

तुम्ही त्या नोटिसा पाहिल्या असतील. "तमाम जनतेस कळविण्यात येते की" अशी सुरुवात आणि "14 दिवसांचे आत लेखी हरकत कळवावी, अन्यथा मिळकत निर्वेध व बोजारहित समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल" असा शेवट. बारीक टायपातल्या या चार ओळींनी किती तरी झोपलेले हक्कदार जागे होतात. उघडपणे विचारल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत.

सातबाऱ्यातला शेवटचा रकाना

इमारत जमिनीवर उभी असते, म्हणून फ्लॅट घेणाऱ्यालाही जमिनीची कागदपत्रं पाहावी लागतात. गावठाणाबाहेर सातबारा आणि फेरफार, शहरात मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड.

सातबाऱ्यावर मालकाचं नाव शोधून बहुतेक लोक समाधान पावतात. वकील आधी भूधारणा पद्धती आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचतो. 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलं असेल, तर जमीन शासनाच्या अटींवर दिलेली आहे आणि ती विकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. इतर हक्कात 'कूळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र' असं दिसलं, तर ती कुळाला मिळालेली जमीन आहे आणि विक्रीला त्या कलमाच्या अटी लागू आहेत. तिथेच सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क सापडतो. कधी एखाद्या बहिणीचं नावही तिथेच नोंदलेलं असतं.

आणि सातबाऱ्यावरचं नाव म्हणजे मालकी, ही समजूतही अपुरी आहे. महसुली नोंद उलट पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण ती महसुलाच्या वसुलीसाठी ठेवलेली असते. मालकी येते दस्तातून किंवा वारशातून. फेरफार नंतर होतो.

एका शेअर सर्टिफिकेटची गोष्ट

वारसाच्या बाबतीत काय घडू शकतं, हे एका उदाहरणातून पाहू. माणसं कल्पित आहेत, कायदा खरा.

मानू या, डोंबिवलीत एका गृहस्थांच्या नावावर फ्लॅट होता. 2009 मध्ये ते मृत्युपत्र न करता वारले. सोसायटीत मुलाचं नॉमिनेशन होतं. शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर झालं, मेंटेनन्सची बिलंही त्याच्याच नावाने येऊ लागली. आज तो फ्लॅट विकायला निघाला आहे. तो सरळ माणूस आहे. घर आपलंच आहे असं त्याला मनापासून वाटतं.

वकील त्याला एक प्रश्न विचारतो. "तुमचे वडील गेले तेव्हा घरात कोण कोण होतं?"

आई, तो, बेळगावला दिलेली बहीण आणि आजी, म्हणजे वडिलांची आई. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृताची पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस. म्हणजे चौघांचा प्रत्येकी पाव हिस्सा. इथे 'आजीचा' हा शब्द ऐकून बहुतेक घरं चकित होतात. आपल्या मनात वारसा खाली मुलाबाळांकडे जातो; कायदा तो वर, मृताच्या आईकडेही नेतो.

पुढे 2014 मध्ये आजी गेली. तिनेही मृत्युपत्र केलेलं नव्हतं. तिच्या पाव हिश्श्याचे वारस तिची मुलं, आणि तिच्याआधी गेलेल्या मुलाची मुलं. म्हणजे आता काका आणि आत्या यांचाही या फ्लॅटमध्ये हिस्सा आहे. त्या दोघांना याची कल्पनाही नसेल.

मग नॉमिनीचं काय? नॉमिनेशनमुळे सोसायटीला कुणाशी व्यवहार करायचा ते कळतं, त्याने मालकी ठरत नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात 2019 मध्ये घातलेल्या तरतुदींप्रमाणे नॉमिनी हा वारस निश्चित होईपर्यंत तात्पुरता सभासद असतो. तो इतर वारसांसाठी मिळकत सांभाळतो.

या उदाहरणात उपाय सोपा आहे. आई, बहीण, काका आणि आत्या यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं, किंवा विक्रीच्या दस्तावर स्वतः सह्या कराव्यात. व्यवहाराआधी हे आठ-पंधरा दिवसांत होऊन जातं. व्यवहारानंतर, किंमत दुप्पट झाल्यावर आणि नात्यात कडवटपणा आल्यावर, त्याच सहीसाठी दिवाणी कोर्टात वर्षं जातात. वकिलाने विचारलेला तो एक प्रश्न त्याच्या सगळ्या फीपेक्षा मोलाचा ठरतो.

मूळ कागद दाखवा

"झेरॉक्स पाठवतो, बघून घ्या" असं विक्रेता म्हणाला तर वकील थांबतो. बिल्डरकडून पहिल्या मालकाने केलेला करार, त्याच्याकडून दुसऱ्याने, दुसऱ्याकडून तिसऱ्याने, ही साखळी त्याला मूळ प्रतींसह हवी असते, मुद्रांक आणि नोंदणीच्या पावत्यांसकट. यामागे कायद्याचं एक जुनं कारण आहे. मिळकतीचे मूळ कागद सावकाराकडे किंवा बँकेकडे नुसते ठेवूनही गहाण होतं, आणि अशा गहाणाची पूर्वी नोंदणी कार्यालयात खूण राहत नसे. महाराष्ट्रात 2013 पासून अशा गहाणाची सूचना नोंदवणं बंधनकारक झालं. त्याआधीच्या व्यवहारांत मात्र मूळ कागद हातात नसणं हीच धोक्याची खूण.

विक्रेत्याचं गृहकर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत असतात. त्यात गैर काही नाही. वकील बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि ताब्यातल्या कागदांची यादी मागवतो, आणि तुमच्या रकमेतून ते कर्ज थेट फेडलं जाईल असं करारात लिहितो. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर 2023 पासून लागू आहे. विकणाऱ्यांनी हा नियम लक्षात ठेवावा.

जमीन आणि मालकी चोख असूनही इमारत बेकायदा असू शकते. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींचं प्रकरण अजून ताजं आहे. बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे तिथे महारेराची नोंदणी मिळवण्यात आली, लोकांनी घरं घेतली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचे आदेश दिले. बांधकाम परवानगीच्या कागदावरचा क्रमांक महापालिकेच्या दप्तरात आहे का, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी मिळाली आहे का, हे कागदावर न बघता कार्यालयात जाऊन पडताळायचं असतं. महारेराचा क्रमांक हा तपासाचा आरंभ समजावा.

"बँकेने तपासलंय की!"

हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं आहे. बँकेच्या पॅनेलवरचा वकील टायटल तपासतो हे खरं, पण तो बँकेसाठी तपासतो. कर्ज बुडालं तर मिळकत विकून पैसे वसूल होतील का, ही त्याची काळजी. ताबा वेळेवर मिळेल का, पार्किंग करारात आलं आहे का, व्यवहार फिसकटला तर तुम्ही दिलेला इसार परत कसा मिळेल, हे प्रश्न त्याला कुणी विचारलेले नसतात. शिवाय तुमचा पहिला पैसा बहुधा त्या तपासणीच्या आधीच गेलेला असतो.

विक्रेत्याचा वकील, बिल्डरचा वकील, एजंटने सुचवलेला "आपला माणूस" यांचंही तसंच. हे लोक वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. वकील ज्याचं वकीलपत्र घेतो त्याचं हित पाहतो, आणि तेच योग्य आहे. म्हणून तुमचं हित पाहणारा माणूस तुम्हीच नेमला पाहिजे. पाच-दहा हजार वाचवायला दोन्ही बाजूंनी एकच वकील ठेवला, तर वाद झाल्यावर तो दोघांपैकी कुणाच्याच बाजूने बोलू शकत नाही.

कराराचा मसुदा आणि दोन्ही बाजू

तपास झाला की मसुदा येतो. पैसे कोणत्या टप्प्यांनी, ताबा कोणत्या तारखेला, तुमचं कर्ज मंजूर झालं नाही तर इसाराचं काय, जुनी थकबाकी कुणाची, पुढे मालकीत दोष निघाला तर भरपाई कुणी द्यायची, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. शेवटचं परिशिष्ट, म्हणजे मिळकतीचं वर्णन, वकिलाबरोबर बसून मोठ्याने वाचा. सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, मजला, चटई क्षेत्र. एक आकडा चुकला तर चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो, आणि तोवर विक्रेता परदेशी गेला असेल तर फारच जड जातं.

घर 50 लाखांचं किंवा त्याहून महाग असेल तर घेणाऱ्याने 1 टक्का आयकर कापून सरकारकडे भरायचा असतो. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा 1 टक्क्याचा नियम लागू होत नाही, बरीच मोठी रक्कम कापावी लागते, आणि न कापल्यास जबाबदारी घेणाऱ्यावर येते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाच्या नावावरचा पुण्यातला फ्लॅट घेताना हे आधी विचारा.

नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. जमिनीच्या मालकीतल्या दोषामुळे नुकसान झालं तर रेरा कायद्याच्या कलम 18 खाली भरपाई मागता येते, आणि त्या मागणीला मुदतीची अट आड येत नाही. मात्र नुसत्या मुखत्यारपत्रावर घर 'घेतल्याने' मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ठामपणे सांगितलं आहे.

विकणाऱ्यालाही वकील हवा. पूर्ण रक्कम खात्यात जमा होण्याआधी ताबा जाऊ नये, मूळ कागद पोच घेऊनच द्यावेत, माहीत असलेला दोष लपवू नये. मालकीतला दोष सांगणं हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे विक्रेत्याचं कर्तव्य आहे. ज्याने घर विकायच्या सहा महिने आधी आपली फाइल वकिलाला दाखवली, त्याचा व्यवहार अडत नाही.

कन्व्हेयन्स हा शब्द

महाराष्ट्रात 'कन्व्हेयन्स' म्हटलं की सोसायटीच्या सभेतला वाद आठवतो. फ्लॅट तुमच्या नावावर झाला, पण जमीन बिल्डरने सोसायटीच्या नावावर करून दिलीच नाही, अशा सोसायट्या शहरोशहरी आहेत. 1963 च्या मोफा कायद्यात 2008 मध्ये दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची वाट खुली झाली. बिल्डरने सही दिली नाही तरी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन सोसायटीच्या नावावर करता येते. जुन्या इमारतीत घर घेताना कन्व्हेयन्स झालाय का, हे वकिलाला जरूर विचारायला लावा. पुनर्विकासाचा दिवस येईल तेव्हा सगळं त्यावर अवलंबून असेल.

वकील कसा निवडावा

मुंबईत अजून 'सॉलिसिटर' हा शब्द ऐकू येतो. 1961 च्या ॲडव्होकेट्स कायद्यानंतरच्या बदलांनी सॉलिसिटरांचा वेगळा वर्ग संपला, पण 1894 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते. घरासाठी सॉलिसिटरच हवा असं नाही. तालुक्याच्या गावी रोज सर्च घेणारा, तिथले फेरफार डोळे मिटून वाचणारा वकील मोठ्या फर्मइतकाच उपयोगी पडतो. त्याला तीन गोष्टी विचारा. किती वर्षांचा शोध घेणार, अहवाल लेखी आणि सहीने देणार का, आणि फीमध्ये मसुदा व नोंदणीच्या दिवसाची हजेरी धरली आहे का. तिन्हींची उत्तरं कागदावर घ्या.

मुंबईत 1 कोटीच्या घरावर आपण 6 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30,000 रुपये नोंदणी फी बिनतक्रार भरतो. पडदे आणि मॉड्युलर किचनवर लाखभर सहज जातात. कागद वाचणाऱ्या माणसाची फी तेवढी जड वाटते.

म्हणून एवढंच सांगणं आहे. घर आवडलं, भाव ठरला, आणि समोरचा म्हणाला "टोकन म्हणून एक लाख टाका, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे", तर घाई करू नका. आधी कागदांची फाइल मागा, ती तुमच्या वकिलाकडे न्या, आणि त्याचा लेखी अहवाल हातात आल्यावरच इसाराच्या चेकवर सही करा.